हायड्राची जागा कुठे?

संपादक महोदय,

गोड्या पाण्यातला हायड्रा जेमतेम सेंटिमीटरभर, पण वर्गीकरण समजायला इतका चांगला प्राणी दुसरा नाही. १७४०च्या दशकात निसर्ग-अभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ली यांनी त्याचे तुकडे केले, तर तुकड्यांतून नवे हायड्रा वाढले! हा प्राणी की वनस्पती, असा प्रश्न त्यांना पडला होता. केवळ शुंडके (तोंडाभोवतीचे लवचीक धागे) पाहून त्याला जेलीफिशचा नातलग ठरवता येत नाही. खरी खूण दंशपेशींची, म्हणजे डंख मारणाऱ्या पेशींची. त्यांमुळेच दोघे निडारिया संघात येतात. जेलीफिशसारख्याच दिसणाऱ्या कंकतधर (कॉम्ब जेली) प्राण्यांत स्वतःच्या दंशपेशी नसतात, म्हणून त्यांचा संघ वेगळा. उलट, जेलीफिश समजला जाणारा ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ हायड्राच्याच हायड्रोझोआ वर्गातला आहे. पाठ्यपुस्तकांनी नावांबरोबर ही कारणेही द्यावीत.

– एक वाचक