टिळक रोडच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

मी अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांसाठी शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे आमची खरी धावपळ एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पुणं सगळ्यात जास्त तापलेलं असतं तेव्हाच. त्यातच माझ्या लॅपटॉपच्या वेगाचा आकडा खालीवर नाचायला लागला. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये बेस स्पीड, म्हणजे नेमून दिलेला वेग, १.६ गिगाहर्ट्झ (सेकंदाला १.६ अब्ज ठोके), पण चालू वेग कधी ३.४ तर कधी ०.८. आणि मोठ्या पुस्तकाची पीडीएफ काढायला घेतली की थोडा वेळ जोरात पळून एकदम १.२ वर. एका दुकानात मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच, बदलायला सांगितलं होतं. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "ताई, आधी हे असं का होतं ते बघा, मग ठरवू." त्या 'बघा'साठी हे पत्र.

तुम्ही ढोल-ताशा पथकात वाजवता, म्हणून उदाहरणही तिथलंच दिलंत. ताशाने लय धरायची आणि प्रत्येक ढोलाचा ठोका त्या लयीत पडायचा. लय वाढवली तर पुढच्या ठोक्याआधी टिपरू परत वर यायला हवं, त्याला दम जास्त लागतो. प्रोसेसरमध्ये, म्हणजे लॅपटॉपचं सगळं काम करणाऱ्या चिपमध्ये, तो दम म्हणजे व्होल्टेज. क्लॉकचा, म्हणजे त्याच्या ताशाचा, पुढचा ठोका पडायच्या आत लाखो ट्रान्झिस्टरांची, म्हणजे विजेच्या बारीक खटक्यांची, उघडझाप पुरी व्हावी लागते, म्हणून वेग वाढला की व्होल्टेजही वाढवावं लागतं. पण विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. तुम्ही बिलाच्या पाठीमागे आकडेमोड करून दाखवलीत: वेग दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज ०.८ वरून १ वर न्यावं लागलं, तर खर्च तिप्पटीच्याही वर जातो. काम दुप्पट, वीज तिप्पट, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होणार. हे कळल्यावर रिकामपणी ०.८ दिसतं त्याचं मला कौतुकच वाटायला लागलं. मी पानाकडे नुसती बघत बसलेली असताना त्याने ३.४ वर पळून बॅटरी का खावी?

मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, त्याला १६ ने गुणलं की १.६ आणि ३४ ने गुणलं की ३.४, कामाप्रमाणे बदलतो तो हा गुणक, हेही मला तुमच्याकडेच कळलं. इंटेलने स्पीडस्टेप २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये आणलं, ते बॅटरी वाचवायला वेग उतरवण्यासाठी. २००८ च्या कोअर आय-सेव्हनपासून टर्बो बूस्टने उलटी सोयही दिली: उष्णतेला आणि विजेला वाव असेल तर नेमून दिलेल्या वेगाच्या वर जा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये, म्हणजे वीज वापराच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ची ९९ टक्के केलीत, तेव्हा तर मी बघतच राहिले. एक टक्का कमी केला आणि टर्बोच बंद! आकडा १.६ च्या आसपास गपगार. परत १०० केलं की पुन्हा उड्या. बिघडलेली वस्तू अशी सांगितल्याबरहुकूम वागत नाही, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

राहिला तो १.२. ३.४ हा वेग मुळात थोड्या वेळापुरता आणि एखाद-दोन कोअरवरच (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवरच) ताण असेल तेव्हाचा. चारही कोअर सतत राबायला लागले की माझ्या प्रोसेसरला १५ वॉटच्या हिशेबात बसावं लागतं, म्हणून त्याने थोडं उतरणं रास्तच. पण बेस स्पीडच्याही खाली जाणं तुम्हाला खटकलं. तापमान बघितलंत तर ९७ अंश. शंभरीच्या जवळ तो स्वतःला वाचवायला वेग तोडतो, असं म्हणत तुम्ही मागचं झाकण उघडलंत. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पात्यांवर, धुळीचा नमदा बसला होता. चिमट्याने उचललात तर तो अख्खा एका तुकड्यात निघाला. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप, वाळून तिची खपली झाली होती. ती पुसून नवी लावलीत, माझीच पीडीएफ परत काढायला लावलीत, आणि आकडा सुरुवातीच्या उसळीनंतर २.४ च्या आसपास टिकला. मदरबोर्ड जागच्या जागी आहे.

माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या बायका पुण्यात पुष्कळ आहेत. मशीन म्हणजे आमची रोजीरोटी. समोरचा ठामपणे बोलला की आम्ही पैसे मोजतो, कारण उलट विचारायला हातात काही नसतं. तुम्ही मला विचारता येईल एवढं दिलंत. गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना दिलंत, म्हणून त्याची किंमत मला जास्त वाटते.

पुढच्या वर्षी नवीन मशीन घ्यायचं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या कमाल गिगाहर्ट्झवर मी आता जाणार नाही. सतत किती वॉट झेपतात आणि पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी ती पाती) कसे आहेत, ते विचारीन. यादी केली की तुम्हाला दाखवायला आणते. गणपतीच्या आधी तुम्ही पथकाच्या सरावात असाल, तेव्हा त्याच्याही आधीच येईन.

आपली आभारी,
नारायण पेठेतली पानं लावणारी ताई