रेजी घरी परत येतो

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मालिकेच्या डीव्हीडींचं पार्सल पोचलं असेल. घरातला प्लेअर काढून ठेवा, सोबत पाठवलेलाच लावा. डिस्क ब्रिटनच्या, 'रीजन 2' या विभागासाठी काढलेल्या आहेत. आपल्याकडे रीजन 5 चालतो, म्हणून जुना प्लेअर त्या घेणार नाही. पिवळी वायर पिवळ्यातच. मालिका जुनी, चित्र चौकोनी. टीव्ही ते ताणेल आणि सगळे जाडे दिसतील. रिमोटवर 'पिक्चर साइज' 4:3 करा. बाबा, कानाचं मशीन लावूनच बसा.

'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनाल्ड पेरिन'. बीबीसी, 1976. डेव्हिड नॉब्सनं स्वतःच्याच कादंबरीवरून लिहिली. लेनर्ड रॉसिटर हा रेजी: वय 46, नोकरी सनशाइन डेझर्ट्स या पुडिंगवाल्या कंपनीत.

वय मुद्दाम सांगितलं. मी 1 तारखेला राजीनामा दिला. आधी ऐका. चौदा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, फ्लॅटचा हप्ता धरून. मेडिक्लेम स्वतःचा काढलाय, त्यात तुम्ही दोघंही आहात. तुमच्या खात्यात दर 5 तारखेला येतं ते येतच राहील. बाबा, लागलेली नोकरी कोणी सोडत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. त्यावर बोलण्याआधी पहिले सात भाग बघा, एवढंच.

आई, सुरुवातीलाच तो कपडे काढत समुद्राकडे धावतो. उठून जाऊ नकोस. तो बुडत नाही. किनाऱ्यावर कपडे ठेवून मेल्याचं नाटक करतो, मग वेषांतर करून आपल्याच शोकसभेला येतो आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतो. मी असलं काही करणार नाही. रविवारी नेहमीसारखा फोन करीन.

मधूनच लावू नका, अजिबात हसू येणार नाही. सगळी गंमत तेच तेच घडण्यात आहे. गाडी रोज 11 मिनिटं उशिरा, कारण मात्र रोज नवं. (बाबा, तुमची 7.52 आठवेल.) दुसऱ्या मालिकेत 17 मिनिटं, तिसऱ्यात 22. साहेब सीजे सारखं ऐकवतो, 'अमुक करून मी इथवर पोचलो नाही'. ऑफिसातला टोनी म्हणतो 'ग्रेट', तिथलाच डेव्हिड म्हणतो 'सुपर'. त्याच त्या चक्रात माणूस कसा झिजतो ते कोणी भाषण करून सांगत नाही. हसता हसता मध्येच रॉसिटरचा चेहरा रिकामा होतो, तेवढ्यात कळतं. सासूचं नाव निघालं की रेजीला पाणघोडा दिसतो. हे मावशी असताना लावू नका. आई, आजीचा विषय निघाला की बाबा कसं तोंड करायचे, तसंच अगदी.

दुसरी मालिका जमलं तर बघा: रेजी निरुपयोगी वस्तूंचं दुकान काढतो, आणि ते धो धो चालतं. तिसरी राहिली तरी चालेल. 2009 ची नवी आवृत्ती कोणी सुचवली तर नको म्हणा.

रोज एकच भाग, अर्ध्या तासाचा. बीपीची गोळी आधी, दूध नंतर. दहानंतर टीव्ही बंद. आणि आई, बाबा गप्प बसले तर लगेच 'काय झालं' म्हणून विचारू नकोस. भाग संपू दे.

तुमचा,
बाळ्या