मुक्तास, राजीनाम्यानंतर

गावभाग, सांगली
९ जुलै

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू नोकरीचा राजीनामा दिल्याचे मला दादाकडून समजले. तुझ्या आईला ते आधीच ठाऊक होते, हे चहाचा कप पुढे ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही त्यावरूनच लक्षात आले. पण तो विषय इथे वाढवीत नाही. रागावून लिहायला बसलो आहे असे समजू नकोस. तू पाठवलेली तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणे मी एकदा बाप म्हणून वाचली, एकदा हातात पेन्सिल घेऊन वाचली, आणि त्यांविषयी पुढे लिहितोच. या पत्रात उपदेश करायचा नाही, पैशांविषयी बोलायचे नाही आणि नानाकाकाचे नाव काढायचे नाही, असे तुझ्या आईने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

पैशांचे मात्र एकदाच लिहून टाकतो, कारण तो हिशेब चार ओळींत संपतो. मी लिहू लागलो तेव्हा मराठी कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघत असे. आता ५०० किंवा त्याहूनही कमी प्रती छापतात. किंमत ३०० रुपये धरली, सगळ्या ५०० प्रती खपल्या आणि मानधन १० टक्के ठरले, तर लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात, आणि तेही एकरकमी नव्हे, तर दरवर्षीच्या विक्रीप्रमाणे थोडे थोडे. दिवाळी अंकांचे मानधन येते, पण त्यातून दिवाळीच होते, वर्ष निघत नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला असेल, तर तो स्वतःच्या नावावर करून घेता येतो का ते विचार. तू विमा कंपनीतच होतीस, तेव्हा हे मी तुला सांगावे म्हणजे हसण्यासारखेच आहे. असो, संपले.

मला खरोखर विचारायचे आहे ते निराळेच. तू दिवसभरात कोणाशी बोलतेस?

तू सहज म्हणालीस, की आता सकाळपासून रात्रीपर्यंत घर शांत असते आणि फोनही बंद ठेवते. तू ते आनंदाने सांगत होतीस, आणि तो आनंद मला कळतो. मी मार्केट यार्डात अडत दुकानाची दिवाणजीगिरी करीत होतो, तेव्हा मलाही वाटायचे की कोणीतरी मला महिनाभर एका खोलीत कोंडावे आणि जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवावे. पहाटे उठून तुझ्या आजीच्या देवघरासमोरच्या जागेत लिहायचे, आठ वाजले की वही मिटायची आणि सायकलवर टांग टाकायची, असे निवृत्तीपर्यंत चालले. वही मिटताना दररोज चडफडत असे. एखादे पात्र नुकते कुठे तोंड उघडू लागलेले असायचे आणि त्याच वेळी मला पोती मोजायला जावे लागायचे.

पण दुकानात गेले की माणसे बोलत. हमाल बोलत, तोलणारे बोलत, अथणी-गोकाककडून हळद घेऊन आलेले शेतकरी निम्मे कानडी आणि निम्मे मराठी बोलत, आणि त्यांपैकी कोणालाही मी कादंबरी लिहितो याचा पत्ता नव्हता. एक म्हातारा मला अजून आठवतो. सौदा झाला, हिशेबाची पट्टी झाली, मी पैसे मोजून दिले, तरी तो गादीच्या कडेला बसूनच राहिला. नोटा त्याने पुन्हा मोजल्या, त्यांतल्या काही वेगळ्या काढून पटक्याच्या घडीत सारल्या, आणि मग स्वतःचे तळहात बघत म्हणाला, "हाताचा पिवळेपणा चार दिस ऱ्हातुय बगा दिवाणजी, पैसा दोन दिस." मी लगेच रोजकीर्दीच्या मागच्या पानावर ते टिपले. दुसऱ्या कादंबरीतल्या बाळू मगदुमाचे सगळे प्रकरण त्या एका वाक्यावर उभे आहे, आणि परीक्षणकर्त्यांनी नेमके त्याच प्रकरणाला 'लेखकाची प्रतिभा' म्हटले. मी घरात बसलो असतो, तर ती प्रतिभा कोठून आली असती?

हरिपूरची पेवे तू पाहिली नाहीस. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून फार नुकसान झाले, आणि मग गोदामांचेच दिवस आले. जमिनीत खोल खणलेले, आत ऐसपैस आणि तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, असे ते हळदीचे कोठार असे. पेव उघडले की लगेच कोणी आत जात नसे. आतली कोंडलेली हवा जिवावर बेतते, म्हणून ते बराच वेळ उघडे ठेवीत, कंदील सोडून ज्योत टिकते का ते पाहत, आणि माणूस उतरल्यावरही वर उभा असलेला त्याच्याशी सारखे काहीतरी बोलत राही: पाऊस, पोरगी, तमाशा, काहीही. मजकुराला महत्त्व नव्हते. खालून उत्तर येत आहे ना, एवढेच पाहायचे. कादंबरी लिहिणारा असाच खाली उतरलेला असतो, आणि तुझ्या पेवाच्या तोंडाशी कोण उभे आहे, हे मला कळत नाही. तुझ्या आईला हा परिच्छेद दाखवला, तर ती म्हणाली की मुलीला घाबरवू नका. घाबरवीत नाही. तू कोणाशी बोलतेस, एवढेच विचारतो आहे.

थोरांची उदाहरणे दिली की तुला राग येतो, तरी दोन देतोच, कारण दोघेही आपल्याच मुलखातले आहेत. वि. स. खांडेकर १८९८ मध्ये याच सांगलीत जन्मले आणि १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याला शाळामास्तर होते. त्यांच्या कादंबऱ्या सुरू झाल्या त्या याच मास्तरकीत, पोरांच्या गलक्यात. म्हातारपणी दृष्टी गेली तेव्हा ते सांगत आणि दुसरा कोणी लिहून घेई, म्हणजे शेवटपर्यंत खोलीत एक ऐकणारा माणूस होता. १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, तेव्हा गावात पेढे वाटल्यासारखे वातावरण होते. दुसरे आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईत पडेल ते काम, गिरणी, चळवळ, घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी, आणि त्या गर्दीतून तीसहून अधिक कादंबऱ्या. १९६९ मध्ये गेले तेव्हा पन्नाशीही झालेली नव्हती, आणि हाताशी पैसा नव्हता. हे दुसरे उदाहरण द्यायला घेतले ते माणसांत राहण्याचे म्हणून, आणि लिहिता लिहिता ते माझ्याच काळजात येऊन रुतले. तेव्हा ते सोडून दे.

पुन्हा व्याख्यान झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात अध्यक्ष लांबले की तू पाठीमागून जांभई देत असायचीस, ते मला व्यासपीठावरून दिसायचे. आताही दिसते आहे. क्षमा कर.

या धंद्यातले सुख मात्र तू नोकरी सोडण्याइतके मोठे आहे, हे मी नाकारीत नाही. एखादे पात्र आपण ठरवलेले करायला नकार देते, त्या दिवशी जेवणावरही लक्ष नसते. मी बाळूच्या बायकोला माहेरी पाठवायचे ठरवले होते. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत चुलीपुढे येऊन बसली, आणि माझी पुढची चाळीस पाने फुकट गेली. त्या संध्याकाळी मी तुम्हा दोघांना भेळ खायला नेले होते. कशाबद्दल, ते तुम्हाला कधीच कळले नाही. छापखान्यातून मुद्रिते आली की ओल्या शाईचा वास, पुस्तकाचे पार्सल सोडताना सुतळीची गाठ न कापता सोडवण्याचा तुझ्या आजीचा आग्रह, आणि जतच्या एका कंडक्टरचे आलेले कार्ड, की 'तुमच्या कादंबरीतला स्टॅण्ड आमचाच आहे काय?' ते कार्ड अजून माझ्या डायरीत आहे. एका समीक्षकाचे पानभर कौतुक त्याच आठवड्यात आले होते. ते कुठे गेले, मला सांगता येणार नाही.

आणि चिंता? हस्तलिखित प्रकाशकाकडे पडून राहते तेव्हाची एक. एका प्रकाशकाने माझे बाड दोन दिवाळ्या ठेवून न उघडता परत केले, हे मला दोऱ्याच्या गाठीवरून कळले. पण त्याहून वाईट चिंता पुस्तक निघाल्यानंतरची असते. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना, आणि कोणीच काही म्हणत नाही. त्या महिन्यात मला दुकान होते. तिथे माझ्या पुस्तकाचे कोणालाच सोयरसुतक नव्हते आणि हळदीचा भाव पडला याचे सर्वांना होते, म्हणून मी टिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा खालच्या खोलीतल्या माझ्या उरलेल्या सगळ्या प्रती चिखल झाल्या. नगर वाचनालयातही पाणी शिरले आणि पुस्तकांची केवढी नासाडी झाली, ते तू टीव्हीवर पाहिलेसच. पाणी ओसरल्यावर शेजारच्या सुताराने आणि मी मिळून ते गठ्ठे उपसले. तो म्हणाला, "दिवाणजी, एवढं लिवलं कशाला?" मी हसलो. एकट्याने उपसले असते, तर हसलो नसतो.

नानाकाकाही लिहीत असे. हे तुला माहीत नाही, कारण आपल्या घरात कोणी सांगितलेले नाही. माडीवरची ती खोली, जिथे आता आई पापड वाळवते, तिथे तो बसे. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होते, आणि खरे सांगायचे तर वाक्यही. सुरुवातीला तो जेवायला खाली येई, मग ताट वर जाऊ लागले, मग ताट तसेच खाली येऊ लागले. पुढचे तुला जेवढे ठाऊक आहे तेवढेच पुरे. त्याच्या नोकरी सोडण्याला घरात सर्वांत आधी मीच टाळ्या वाजवल्या होत्या. तुझ्या तिसऱ्या प्रकरणातली विहिरीकाठची दोन पाने वाचली, तेव्हा त्याचे वाक्य वाचल्यासारखे झाले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो. ती दोन पाने मला लिहिता आली नसती, मुक्ता. माझ्या सगळ्या पुस्तकांत तशी दोन पाने नाहीत. म्हणूनच विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि तू वैतागलीस तरी विचारणार आहे.

राजीनामा मागे घे असे मी म्हणत नाही. निम्म्या दिवसाचे काही काम पाहा: वाचनालय, शाळा, एखाद्या वकिलाकडचे टंकलेखन, काहीही, जिथे तुला कोणी लेखिका म्हणून ओळखत नाही. निदान रोज मंडईत स्वतः जा आणि भाजी घासाघीस करून घे. मोबाइलवर मागवलेली भाजी आपल्याशी भांडत नाही.

करार आला की सही करण्याआधी मला पाठव. मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्याने ती ५ वर्षांची धरतात; तरीही ती स्वच्छ शब्दांत लिहून घे. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क एका ओळीत 'सर्व हक्क' म्हणून देऊन टाकू नकोस. मी दिले होते, आणि माझ्या कथेवर कोणी चित्रपट काढला नाही म्हणून निभावले.

आता प्रकरणांविषयी. पहिले प्रकरण लांबले आहे. मामी येईपर्यंत वाचक थांबणार नाही, तिला चौथ्या पानावर आण. दुसऱ्याला हात लावू नकोस. तिसऱ्यात तू श्रावणात हळद शिजवली आहेस. अग, दिवाणजीची मुलगी ना तू? अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद पौषापासून फाल्गुनापर्यंत निघते आणि तेव्हाच काहिलीत शिजते. श्रावणात ती शेतात पानांनी डवरलेली असते. ते दृश्य तुला पावसातच हवे असेल, तर शिजवण्याऐवजी भांगलण, म्हणजे तण काढणे, दाखव, बायका ओळीने बसलेल्या असतात आणि अखंड बोलत असतात. काय बोलतात, ते ऐकायला इथे येऊन राहा. हरिपूरच्या रस्त्याला माझ्या ओळखीची रानं आहेत, मी बरोबर येईन आणि लांब बांधावर बसेन, मधे बोलणार नाही.

आईने मेतकूट आणि भडंग बांधून ठेवले आहे. दादा शनिवारी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. तो आला की त्याला जेवायला ठेवून घे, लगेच पिटाळू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी फोन चालू ठेव. दहाच्या आत करीत नाही, तुझी लिहायची वेळ मोडणार नाही.