फ्लॅट विकू नकोस, भाड्यानं दे

खानापूर (जि. बेळगाव),
माघ महिना

प्रिय बाळ्या,

पुण्याचा फ्लॅट विकायचा, जुनी ट्रॅव्हलर गाडी घ्यायची आणि बायकापोरांसकट बारा महिने तंबूत राहायचं, हा तुझा बेत वाचून आमच्या घरात (म्हणजे तंबूत) दोन दिवस तोच विषय होता. आम्ही दसऱ्यापासून असेच राहतोय, म्हणून तू मला विचारलंस. तर जे दिसतंय ते सरळ लिहितो.

पोरांचं सोनं झालंय, हे आधी कबूल करतो. भात कापून मोकळ्या झालेल्या ओळखीच्या शेतात आम्ही आहोत. शेजारच्या तुकड्यात मालकानं बकरी बसवलीत. रात्रभर कळप एका जागी बसतो, लेंड्यांचं खत होतं आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. धाकटा दिवसभर त्यांच्याकडंच असतो. थोरली तीन दगडांची चूल पेटवायला शिकली. आठ वाजता जेवणं उरकतात आणि नऊला सगळे गुडूप. भाडं नाही, विजेचं बिल नाही. एवढ्या गप्पा आम्ही चौघांनी घरात कधी मारल्या नव्हत्या.

पहिल्याच आठवड्यात धनगरीणबाईनं आमचा तंबू बघून कपाळाला हात लावला. "खालच्या अंगाला दव धरतंय, वर बांधाकडं या." थंड हवा उताराच्या तळाशी साचते आणि आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आतनं पाणी धरते. बांधाकडं सरकलो, वरची खिडकी रात्रभर थोडी उघडी ठेवली, तेव्हा अंथरुणं कोरडी राहायला लागली. नाहीतर थंडीतसुद्धा गाद्यांना बुरशी येते रे.

आता तुझ्या पत्रात ज्याचा एका ओळीतही उल्लेख नाही, ते. पाणी. चौघांचं पिणं, रांधणं, भांडी आणि अंघोळ म्हटलं की वीस लिटरचे कॅन दिवसातनं किती वेळा भरावे लागतात, ते करून बघ. विहीर जवळ असली तरी ओढायचं कुणी आणि भांडी घासायची कुणी? आमच्याकडं मी पाणी आणतो, तरीही दिवसाकाठी जास्त वाकणं हिच्याच वाट्याला येतं. संडासाचा प्रश्न तर बायकांना अंधार पडल्यावर जाणवतो, आपल्याला नाही. थोरली आता मोठी होत्येय. तिच्यासाठी आडोसा, पाणी आणि दार लागणारी जागा, या तीन गोष्टी जिथं नाहीत तिथं आम्ही मुक्कामच करत नाही. त्यामुळं नकाशावरच्या सुंदर जागांपैकी निम्म्याहून जास्त बाद होतात. वहिनींना हे सगळं सांगितलंयस का?

जंगलात तंबू ठोकायचा विचार डोक्यातनं काढ. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय राहता येत नाही, आणि गवे, अस्वलं काही तुला विचारून येत नाहीत. २०१६ साली पलीकडं सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडं माकडताप पसरला होता. तो गोचिडींमुळं होतो आणि सुगीनंतरचे हे कोरडे महिनेच त्याचे. आम्ही रोज संध्याकाळी पोरांचे कानामागचे, काखेतले कोपरे तपासतो.

शाळेचं म्हणशील तर शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या पोराला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि वर्गात रुळणं वेगळं. त्यात आमचा भाग सीमेचा. शिनोळीपलीकडं चंदगडात राहिलास तर पोर महाराष्ट्राच्या पुस्तकातनं शिकेल, अलीकडं कर्नाटकात आलास की कन्नड आलंच पाहिजे. दर तीन महिन्यांनी हे बदललं तर पोर धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. आम्ही म्हणून खानापूर सोडलं नाही, तंबू फिरतो तो शाळेच्या पाच-सहा किलोमीटरांतच. याला फिरस्ती म्हणायचं की नाही, तू ठरव.

गाडीचं थोडक्यात: नोंदणीत जे लिहिलंय त्यात मूळ बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आतला पलंग-ओटा आधी आरटीओत विचारूनच कर. आणि एमएच पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवलीस तर इथला नंबर घ्यावा लागतो.

पावसाळा तर लिहूच नये. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुला माहीत नाही. मृगाच्या आत आम्ही गावातल्या घरी. अरे, ते धनगरसुद्धा पाऊस लागायच्या आत पूर्वेला, कोरड्या मुलखात निघतात, आणि त्यांचंही गावाकडं घर आहे. म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तिथंच असतात. चिकोडी-अथणीकडं ऊसतोडीला आलेली कुटुंबं बघ, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्यांतलं कुणी हौसेनं राहत नाही. आपण हौसेनं राहू शकतो, कारण आपल्याला परतायला जागा आहे. तू तीच विकायला निघालास!

फ्लॅट भाड्यानं दे. त्या पैशात वर्षाचे आठ महिने मजेत निघतील. आणि निर्णयाआधी सगळ्यांना घेऊन इथं पंधरा दिवस राहून जा. बेळगावहून खानापूर सव्वीस किलोमीटर, बसनं उतरलास की फोन कर, मी न्यायला येतो. येताना पाच किलोचा सिलिंडर आणि जाड सतरंज्या आण. तंबू आमच्याकडं जास्तीचा आहे.

तुझाच,
आप्पा