अर्ध्या गुंठ्यातल्या घराला होकार की नकार, हे कागदावर कारणासह लिहा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नियमापेक्षा लहान निवासी भूखंडांवर सामासिक अंतरात (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) दिल्या जाणाऱ्या सवलतींबाबत

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा, म्हणून जुन्या कागदांत जमीन एकर, गुंठे आणि आण्यांत लिहिलेली सापडते. आठ आणे जागा म्हणजे साडेसोळा फूट रुंदीची एक पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले की उरतात साडेसहा फूट. नऊ इंची भिंती वजा केल्या की आत राहतात पाच. पाच फूट रुंदीच्या खोलीत आडवी खाट मावत नाही.

हे गणित मी नोकरीत शेकडो वेळा मांडले आहे. नगररचनेच्या कामात अनुरेखक, म्हणजे नकाशे उतरवणारा, म्हणून लागलो, रचना सहायक म्हणून निवृत्त झालो. मधल्या तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन शहरांत बांधकाम परवानगीच्या फायली हाताळल्या. त्या शहरांची नावे इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कुठल्या एका कार्यालयाविरुद्ध नाही.

लहान भूखंडावर नियम तंतोतंत लावला तर घरच होत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, आणि तिच्या आधीच्या जुन्या नियमावल्यांतही, सवलतीचे कलम आहे. उघडपणे दाखवता येईल अशी अडचण असेल तर प्राधिकरणाने लेखी परवानगीने मोजमापांत सवलत द्यावी. मात्र इमारतीत राहणाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या सुरक्षिततेला आणि बांधकामाच्या मजबुतीला बाधा येऊ नये, असा त्याचा आशय. कलम चांगले आहे. ते काढू नका, अशीच माझी पहिली विनंती आहे. आमच्याकडे त्याला सगळे 'हार्डशिप' म्हणतात.

दुखणे आहे ते वापरात. अडचण 'उघडपणे दाखवायची' असते, पण फाईलमध्ये ती कुणी कुणाला दाखवल्याचे दिसत नाही. मी स्वतः लिहिलेल्या टिपण्यांत एक वाक्य कायम असायचे : 'प्रकरणाची वस्तुस्थिती विचारात घेता सवलत देण्यास हरकत नसावी.' नाकारायचे असले की त्याहून छोटे : 'नियमात बसत नाही.' कुठली वस्तुस्थिती आणि ती कुणी पाहिली, हे मी लिहिले नाही आणि मला कुणी विचारलेही नाही. आज ते मला टोचते, म्हणून हे पत्र.

एका गल्लीतली दोन प्रकरणे सांगतो. दोन्ही भूखंड एकाच शेताच्या गटातून नव्वदच्या दशकात गुंठा-गुंठ्याने विकलेले. असे गुंठ्यांचे भूखंड नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली, प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याची रक्कम) आणि विकास शुल्क भरून दोन्ही नियमित झालेले. रुंदीत जेमतेम हाताएवढा फरक. एक भूखंड शाळेत शिपाई असलेल्या गृहस्थांचा, दुसरा एका कापड दुकानदारांचा. दोघांनीही एका बाजूला तीन फुटांची सवलत मागितली. शिपायांची फाईल त्रुटी पत्रासह परत गेली. दीड वर्षाने दुकानदारांची मंजूर झाली. मधल्या काळात वरचे अधिकारी बदलले होते. दोन्ही टिपण्या माझ्याच अक्षरात आहेत. पैसे खाल्ले गेले असे मी म्हणत नाही. मला तसे काही माहीत नाही. पण शिपायांनी मला रस्त्यात गाठून विचारले, 'साहेब, त्यांची जागा माझ्यापेक्षा वेगळी कशी?' तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते फाईलमध्येच नव्हते.

त्यांनी शेवटी परवानगीशिवाय घर बांधले. मग बँकेचे कर्ज मिळाले नाही, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही आणि घरपट्टीवर अवैध बांधकामाची शास्ती लागली. घर तेच, तीन फुटांत तेवढेच, फक्त ते बेकायदा झाले.

आणि त्या गल्लीत तिसरेही एक घर होते. दुकानदारांना ज्या बाजूला सवलत मिळाली, त्या बाजूला एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. कॉलमचे खड्डे खणायला माणसे आली तेव्हा बाईंना कळले. त्या चिडल्या नाहीत. कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, मला आधी विचारले असते तर मी सांगितले असते की भिंत पुढच्या बाजूला घ्या, मागे माझा उजेड आहे. त्यांचे म्हणणे नकाशावर ताडून पाहिले. जिना पलीकडे सरकवला असता तर खिडकीसमोरची जागा मोकळी राहिली असती आणि दुकानदारांचेही काही बिघडले नसते. ही माहिती आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती, फक्त त्यांच्याकडे होती. आणि त्यांनाच विचारण्याची तरतूद नव्हती.

कायद्याचा झुकाव इथे पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ४५ सांगते की परवानगी नाकारली किंवा तिला अटी घातल्या तर कारणे द्यावीत. कलम ४७ अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे अपील करू देते. म्हणजे नकाराला कारण हवे आणि नकाराविरुद्ध दादही आहे. सवलत देताना मात्र या कलमांत कारणाचे बंधन नाही, आणि जिचा उजेड गेला तिला त्या कलमाखाली अपील नाही, कारण ती अर्जदारच नाही. त्यात 'नियमात बसत नाही' हे कारण म्हणून चालून जाते. सवलतीचा अर्ज आहे म्हणजे ते नियमात बसत नाहीच; ते तर अर्जदारानेच पहिल्या ओळीत लिहिलेले असते.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिकडे मराठी माणसे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा अनुभव आपल्यातल्या अनेकांच्या घरी पोचला असेल. तिच्या घराजवळ एक रिकामा, नियमापेक्षा अरुंद भूखंड होता. त्यावर घर बांधू इच्छिणाऱ्याने सवलत मागितली, तेव्हा तिला टपालाने नोटीस आली. तिथल्या कायद्याने २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी कळवावे लागते. सुनावणी उघड, कुणीही उठून बोलावे. आणि अशा अरुंद भूखंडाच्या बाबतीत तिथल्या न्यायालयांनी एक साधा प्रश्न रूढ केला आहे : शेजाऱ्याकडून थोडी जमीन विकत घेऊन भूखंड नियमात बसतो का, किंवा योग्य किमतीला तो शेजाऱ्याला विकता येतो का, हे तुम्ही विचारून पाहिले आहे का? एकमेकांना लागून असलेले दोन अपुरे भूखंड एकाच मालकाकडे असतील तर ते एक धरले जातात. निर्णय ठरावाच्या रूपात लेखी येतो, त्यात काय आढळले आणि म्हणून काय ठरवले हे लिहिलेले असते. बहिणीने तो ठराव मला वाचून दाखवला. तिची एक हरकत मान्य झाली होती, एक फेटाळली होती. फेटाळलेलीचे कारणही होते, आणि ते तिला पटले.

तिकडचे सगळे उचलून आणा असे मी म्हणणार नाही. किमान भूखंडाचे मोठमोठे आकडे ठरवून गरिबांना गावाबाहेर ठेवण्याचे उद्योग तिकडे झाले आहेत. त्यावर न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेलच्या खटल्यात बोट ठेवले. आपल्याकडे अर्धा गुंठा घेणारा माणूस हौसेने अर्धा घेत नाही. त्याच्या ऐपतीत तेवढेच बसते. म्हणून किमान आकार वाढवणे हा उपाय नव्हे. पण शेजाऱ्याला कळवणे, ठरावीक प्रश्न विचारणे आणि उत्तर लिहिणे, एवढे तरी आपल्याला जमण्यासारखे आहे.

हे आत्ताच का लिहितो आहे? कारण लहान भूखंडांची रांग आता फार लांबणार आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे लहान तुकडे करायला बंदी घातली, तरी शहरांच्या कडेला ते पडतच राहिले. नोटरीच्या कागदावर, साठेखतावर, विश्वासावर. गुंठेवारी अधिनियमाची मुदत आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरती होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांच्या दस्तनोंदणीला लगाम घातला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक ५ मे २०२२ रोजी रद्द केले. आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांसाठी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. लाखो कुटुंबांच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, मलाही आनंद झाला. पण महसूल खात्याने मालकी मोकळी केली म्हणजे घर बांधता येते असे नाही. सातबारा हातात घेऊन तो माणूस उद्या आपल्या खात्याच्या दारात येणार, आणि तिथे त्याला पुन्हा तेच साडेसहा फूट भेटणार.

त्यात सगळे अर्ज सारखे नसतात, हेही मान्य करायला हवे. चार भावांच्या वाटणीत पट्टी आली त्याची अडचण एक. पंचवीस वर्षांपूर्वी अज्ञानापोटी गुंठा घेतला त्याची दुसरी. आणि मंजूर रेखांकन (भूखंड-रस्त्यांचा आराखडा) न करता गेल्या वर्षी शेताचे चाळीस तुकडे करून विकणाऱ्याने शेवटचे चार स्वतःकडे ठेवून त्यांवर सवलत मागावी, ही तिसरी. ती अडचण त्याने स्वतःच्या हाताने तयार केली आहे. आज तिघांच्या फाईलवर एकच शेरा पडू शकतो. अनेक शहरांत अशा सवलतीसाठी अधिमूल्यही (प्रीमियम) घेतले जाते, आणि मग अडचण कुणाची खरी यापेक्षा भरणा कुणाला झेपतो याला वजन येते. तिसरा माणूस ते हसत भरतो, पहिला भरू शकत नाही.

काही ठिकाणी तर नाहीच म्हणायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा पूररेषा म्हणजे काय हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. निळ्या रेषेच्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आत घर नको, निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) मध्ये जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच हवा, असा नियम आहे. त्यात अडचण कितीही खरी असली तरी सवलत नको. अग्निशमनाची गाडी ज्या बोळात शिरू शकत नाही तिथे पुढची जागाही सोडून देऊ नका. बाजूच्या तीन फुटांत मात्र पुष्कळ वेळा कुणाचेच काही जात नाही; शेजारची भिंत बिनखिडकीची असते किंवा दोघांना मिळून सामाईक भिंत चालणार असते. हा फरक जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. टेबलावरून सगळे तीन फूट सारखेच दिसतात.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. नवा कायदा लागणार नाही. आपल्या विभागाचा एक निर्देश पुरेल. सामासिक अंतरातल्या सवलतीच्या प्रत्येक अर्जावर लागून असलेल्या मालकांना, आणि तिथे भाडेकरू राहत असतील तर त्यांनाही, पंधरा दिवसांची नोटीस द्या. त्यांच्या सहीची सक्ती नको. ती केली तर सहीचाच बाजार भरेल. फक्त त्यांचे म्हणणे ऐका. जागेवर जाऊन फोटोसह पाहणी करा. मग एका पानावर लिहा : अडचण जमिनीच्या आकाराची आहे की अधिक बांधण्याच्या इच्छेची, ती कुणी आणि कधी निर्माण केली, शेजारून जमीन मिळण्यासारखी आहे का, कमीत कमी किती सवलतीत राहण्याजोगे घर होते, आणि शेजाऱ्याच्या उजेडा-वाऱ्याचे काय होते. दहा फूट मागणाऱ्याचे काम तीन फुटांत भागत असेल तर तीनच द्या. खाली नाव आणि सही. होकार असो वा नकार, हे पान अर्जदार आणि शेजारी दोघांनाही द्या.

ही पाने संकेतस्थळावर ठेवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने ज्यांना सवलती आणि परवाने दिले त्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करायला सांगितलेलेच आहे, आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यायलाही. याच कलमावर बोट ठेवून मी एकदा नोकरीत असताना विचारले होते. उत्तर मिळाले, 'मागतील तेव्हा देऊ.' जे आहे हेच माहीत नाही, ते लोक मागणार कसे?

कामाचा बोजा वाढेल, असे खालच्या कार्यालयांतून सांगितले जाईल. कर्मचारी कमी आहेत हे मी जगलो आहे, ती तक्रार खरी आहे. पण कारण न दिलेली फाईल तीन-चार वेळा फिरून येते, मग शेजाऱ्याचा तक्रार अर्ज येतो, मग नोटीस, मग कोर्ट. एक पान नीट लिहायला मला अर्धा तास लागला असता. त्या तीन घरांच्या कागदपत्रांवर माझे त्याहून कितीतरी अधिक तास गेले.

ते शिपाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने घर नियमित करून वर एक खोली चढवण्यासाठी अर्ज केला आहे. मोजमापे घ्यायला मी गेलो होतो, नकाशावर सही परवानाधारक अभियंत्याची आहे. सवलत तीच मागितली आहे, एका बाजूला तीन फूट. त्या बाजूला आज शेजाऱ्याची बिनखिडकीची भिंत आहे, तिचा फोटो मीच अर्जाला जोडायला लावला. अधिकाऱ्यांना पटले नाही तर त्यांनी खुशाल नाकारावे. त्या फोटोकडे पाहून काय वाटले, तेवढे मात्र दोन ओळींत लिहून द्यावे.

आपला,
एक निवृत्त रचना सहायक