‘म्हणजे’ आणि ‘म्हणजेच’ : इंग्रजी सूचनांतला एक नेहमीचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे आणि नोकरभरतीचे दिवस आले की जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या सूचनाफलकांवर इंग्रजी कागदांची गर्दी होते. त्यांत एक चूक इतक्या नेमाने भेटते की आता ती कुणाला खटकतही नाही. नमुना असा : ‘ब्रिंग ओरिजिनल डॉक्युमेंट्स, आय. ई. मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार कार्ड.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, गुणपत्रक, दाखला, आधार कार्ड अशी कागदपत्रे आणा. कागद मात्र सांगतो, ही तीनच आणा. शहाद्याहून एसटीने आलेला मुलगा जातीचा दाखला घरी ठेवून आला आणि खिडकीवरून परत फिरला, तर इंग्रजी त्याच्या बाजूने आहे, खिडकीच्या नाही.

‘आय. ई.’ म्हणजे लॅटिनमधले ‘इड एस्ट’, शब्दशः ‘ते आहे’. ‘ई. जी.’ म्हणजे ‘एग्झेम्प्ली ग्रातिया’, उदाहरणादाखल. पहिल्याच्या पुढे जे येते ते मागच्या शब्दाची पूर्ण फोड असते, त्यात भर घालायला जागा नसते. दुसऱ्याच्या पुढे येतात ते नुसते मासले. आपले ‘उदा.’ हे ‘ई. जी.’चे तंतोतंत काम करते. एवढे बहुतेक पदवीधरांना ठाऊक असते, पाठही असते. तरीही हात चुकतो, आणि आमच्या मते त्याचे कारण लॅटिनमध्ये नसून मराठीत आहे.

आपण बोलताना म्हणतो, ‘कागदपत्रं म्हणजे आधार कार्ड, रेशन कार्ड वगैरे घेऊन ये.’ इथला ‘म्हणजे’ फोड करत नाही, मासला दाखवतो, आणि शेवटचा ‘वगैरे’ यादी उघडी ठेवतो. हेच वाक्य इंग्रजीत उतरताना ‘म्हणजे’ची जागा ‘आय. ई.’ घेतो. मग दोनच शक्यता उरतात. ‘वगैरे’साठी शेवटी ‘एट सेटेरा’ लावला, तर एकाच वाक्यात पहिल्या शब्दाने दार लावले आणि शेवटच्याने उघडले, असे होते. तो गाळला, तर दार बंदच राहते. व्याकरणाच्या पुस्तकांत या चुकीवर औषध सापडत नाही, कारण ती पुस्तके मराठी डोक्यासाठी लिहिलेली नसतात.

बाजारात मात्र हा गोंधळ कुणीच घालत नाही. ‘वांगी-बिंगी घेऊन ये’ म्हटले की गिलकी आणली तरी चालतात. ‘भरताची वांगी, म्हणजे बामणोदकडची ती मोठी, पांढरट-हिरवी’ म्हटले की दुसरे वांगे चालत नाही. पहिले वाक्य ‘ई. जी.’चे, दुसरे ‘आय. ई.’चे. फरक जिभेला माहीत आहे, लेखणीला नाही.

म्हणून कसोटीही मराठीतलीच घ्यावी. लिहिण्याआधी वाक्यात ‘म्हणजेच’ घालून पाहावे. ‘च’ बसला तर ‘आय. ई.’, अडखळला तर ‘ई. जी.’ ‘रावेर तालुक्याचे मुख्य फळपीक, म्हणजेच केळी’ हे बसते. ‘खानदेशातली पिके, म्हणजेच केळी’ म्हटले की कापूस, ज्वारी आणि तूर पिकवणारे उठून उभे राहतील. तिथे ‘ई. जी.’ हवा. संगणकातला स्पेलिंग तपासनीस इथे उपयोगाचा नाही, कारण दोन्ही लघुरूपांचे स्पेलिंग बरोबरच असते.

पैशांचा व्यवहार असला की हा घोळ महाग पडतो. ठिबक सिंचनाच्या संचाचे कोटेशन घ्या. ‘ऑल फिटिंग्ज, ई. जी. ग्रोमेट, टेक-ऑफ, एंड कॅप’ असे छापले असेल, तर शेतकरी म्हणू शकतो की ही तर नुसती उदाहरणे. नळी धुण्याचा फ्लश व्हॉल्व्ह आणि खत सोडायची व्हेंचुरीही याच रकमेत आली. दुकानदाराच्या मनात तीनच वस्तू असतात. उलट ‘आय. ई.’ छापले, तर चौथी वस्तू त्या कागदाच्या आधारे शेतकऱ्याला मागता येत नाही, मग तोंडी काहीही ठरलेले असो. ‘लॅटरल, आय. ई. १६ मिमी’ हे मात्र चोख आहे : कोणती लॅटरल (पिकाच्या ओळीतली नळी), याचे एकच उत्तर. आमचा सल्ला असा की कोटेशन, निविदा आणि करारात वस्तूंच्या यादीआधी ‘ई. जी.’ कधीच लावू नये. अनुक्रमांक टाकून प्रत्येक वस्तूचे नाव, माप आणि नग लिहावेत.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट दुसऱ्या नावाने ओळखीची असते. व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर न्यायालये ती बंद मानतात, ‘इन्क्लूड्स’ असेल तर उघडी. १८७२च्या करार कायद्यात कलमांखाली ‘इलस्ट्रेशन्स’, म्हणजेच उदाहरणे, दिली आहेत. ती कलमाचा अर्थ उलगडतात, पण कलम तेवढ्या प्रसंगांपुरतेच आहे असे त्यांवरून ठरत नाही.

‘एट सेटेरा’बद्दल दोन शब्द. त्यातला ‘एट’ म्हणजेच ‘आणि’, त्यामुळे ‘अँड एट सेटेरा’ लिहिले की दोनदा ‘आणि’ होते. हसू नये, आपला ‘वगैरे’ही अरबीतून आला आहे आणि त्यातला ‘व’ हा ‘आणि’च आहे. ‘ई. जी.’ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी ‘एट सेटेरा’ नको, कारण यादी अपुरी आहे हे आधीच सांगून झालेले असते. (मराठीतले ‘उदा. … इ.’ हेही तसेच दुहेरी.) उच्चार ‘एक्सेट्रा’ नव्हे, शब्दात ‘क्स’ कुठेच नाही.

सरकारी इंग्रजीचे लाडके ‘व्हिझ.’ हे तिसरे भावंड. मूळ शब्द ‘विदेलिकेत’, अर्थ ‘पाहता येईल असे’, आपल्या भाषेत ‘पुढीलप्रमाणे’. त्याच्या शेवटचा झेड हा झेड नव्हताच. मध्ययुगीन लेखनिक ‘एट’ या अक्षरांसाठी इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी एक खूण करत, छापखान्यांनी तिच्या जागी झेड बसवला. ‘व्हिझ.’नंतर यादी पूर्ण द्यावी लागते. ‘थ्री तालुकाज, व्हिझ.’ म्हटले आणि दोनच नावे दिली, तर वाचणारा तिसरे शोधत बसतो.

खुणांचे नियम थोडके आहेत. ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ ही दोन्ही लघुरूपे लहान लिपीत, दोन्ही अक्षरांनंतर बिंदू, मध्ये जागा नाही. दोन्हींच्या आधी स्वल्पविराम किंवा कंस. पुढे स्वल्पविराम देण्याची पद्धत अमेरिकी, न देण्याची ब्रिटिश. कोणतीही घ्या, पण एका कागदात एकच. हे शब्द इंग्रजीत पुरते मुरले आहेत, त्यामुळे तिरक्या ठशाची गरज नाही. वाक्याची सुरुवात त्यांनी करू नये. अर्जात किंवा निबंधात सलग मजकुरात ‘फॉर एग्झाम्पल’ आणि ‘दॅट इज’ असे पूर्ण लिहिणे अधिक नीटनेटके दिसते. लघुरूपे कंसासाठी आणि तळटिपांसाठी ठेवावीत.

खुद्द ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१६मध्ये ही लघुरूपे टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे ठरवले. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या काही प्रणाली ‘ई. जी.’ चुकीचे वाचत होत्या, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचाही गोंधळ होत होता. आपल्याकडची सूचना वाचणाऱ्यांत तर जवळजवळ सगळेच त्या दुसऱ्या गटातले. तेव्हा सूचना काढणाऱ्यांनी लॅटिन सोडून ‘सच अ‍ॅज’ आणि ‘ओन्ली’ हे साधे शब्द वापरले तरी पुरे. ज्या सूचनेसोबत मराठी मजकूर छापतात, तिथे तो आधी लिहावा, ‘च’ लागतो की ‘उदा.’ हे पाहावे, आणि मग इंग्रजी करावे. सध्या बहुतेक ठिकाणी उलटे चालते, आणि इंग्रजीतली चूक मराठीतही उतरते.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव

ता. क. : शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी एक राहिले. ‘एट अल.’मध्ये ‘एट’ हा पूर्ण शब्द आहे, त्याला बिंदू नको, ‘अल.’ हे ‘आलिई’ म्हणजे ‘इतर’ याचे लघुरूप, त्याला हवा. हे माणसांसाठीच वापरायचे. वस्तूंच्या यादीला ‘एट सेटेरा’.