स्थानिक कवींना वगळू नका

‘ग्रामीण संमेलने आटोपशीर व्हावीत’ हा सीमाभागातील साहित्य संमेलनांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. वेळ वाचवण्यासाठी स्थानिकांचे कविसंमेलन वगळावे, ही त्यातली सूचना अजिबात पटली नाही.

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव येथील संमेलने गावकऱ्यांच्या बळावर उभी राहतात. पाहुण्यांची भाषणे लांबली की कात्री मात्र गावच्या कवींना लागते. पण लिहिणाऱ्यांनी तरी अंग चोरून का राहावे? उसाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर नेटकी कविता उतरवलेली असते आणि माइकसमोर तोच कवी ‘आपलं सुचेल तसं खरडलंय’ म्हणत सुरुवात करतो. दुसऱ्या दिवशी ती कविता मोबाइलवर फिरते, खाली कुणाचेच नाव नसते. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कविता कागदावर उतरताच तिचा हक्क कवीचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही आणि हा हक्क कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. कायदा ज्याला कवी मानतो, त्याने स्वतःला कवी म्हणवून घ्यायला कचरू नये. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या इंदिरा संत याच बेळगावात राहून लिहीत होत्या.

आयोजकांनी यंदा निमंत्रणपत्रिकेत ‘स्थानिक कवी’ एवढ्यावर न भागवता प्रत्येकाचे नाव छापावे आणि हे सत्र जेवणाआधी ठेवावे.

— एक कथालेखिका, उचगाव (जि. बेळगाव)